दिवस किती उरले, आणि कशासाठी?

गेल्या महिन्यात एका रविवारी आमची भाची घरी आली आणि खांद्यावरची बॅगही न काढता सोफ्यावर बसली. "मामू, मी उद्या राजीनामा देतेय," एवढेच म्हणाली. आमच्या अम्मी आतून चहा घेऊन येत होत्या, त्या तिथेच थबकल्या. या मुलीने नोकरीसाठी किती धडपड केली, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हॉस्पिटल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम तिने शिकवण्या घेऊन पूर्ण केला होता. गेल्या वर्षी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात तिला जागा मिळाली, तेव्हा अम्मींनी सगळ्या इमारतीत शिरखुर्मा वाटला होता.

चहा झाल्यावर हळूहळू सगळे बाहेर आले. रुग्णालयातले केसपेपर कागदावरून संगणकावर न्यायचे काम तिच्याकडे दिलेले. अकरा वॉर्ड, सहा महिन्यांची मुदत. हाताखाली दोन संगणकवाले आणि चार नोंदी भरणाऱ्या मुली. प्रत्येक वॉर्डाची मुख्य सिस्टर त्या वॉर्डापुरती जबाबदार. तीन महिने उलटले आणि नवी पद्धत सुरू झाली जेमतेम दोन वॉर्डांत. तिथेही सिस्टर आधी नेहमीसारखे कागदावर लिहीत, मग ड्यूटी संपताना कुणीतरी घाईघाईने ते संगणकात टाके. म्हणजे काम निम्मे होण्याऐवजी दुप्पट झाले होते.

त्या आठवड्यात मात्र भलतेच घडता घडता राहिले. एका पेशंटला एक औषध चालत नाही, ही नोंद कागदावर होती, संगणकावर आलीच नव्हती. नवख्या डॉक्टरने संगणक बघून तेच इंजेक्शन लिहून दिले. सुई भरून तयार होती. सुदैवाने सिस्टर जुन्या, त्यांना तो पेशंट तोंडपाठ होता. त्यांनी हात आखडता घेतला. "त्या दिवशी त्या रजेवर असत्या तर?" भाचीने विचारले, आणि मग कितीतरी वेळ कुणी बोलले नाही.

आम्ही विचारले, "तुझ्या लोकांना हे काम कशासाठी चाललंय ते ठाऊक आहे का?"

ती जरा दुखावली. म्हणाली, "मामू, पहिल्याच दिवशी मीटिंग घेतली होती. व्हिजन सांगितलं. फ्लेक्स करून प्रत्येक वॉर्डात लावलंय." मोबाइलवर तिने फोटो दाखवला. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे: 'संपूर्ण डिजिटल रुग्णालय, आमचा ध्यास'. खाली लोगो.

अम्मींनी चष्मा लावून फोटो नीट बघितला. मग विचारले, "बेटा, हे झालं की काय होणार?"

"सगळं कॉम्प्युटरवर येणार, नानी."

"ते समजलं. मग काय होणार?"

भाचीला उत्तर सुचेना. पाच वर्षे पुस्तके वाचून आम्हीही जो प्रश्न इतका सरळ विचारला नसता, तो अम्मींनी विचारला होता.

कार्यालयात असो, कारखान्यात असो, काम हाती घेणाऱ्याने आधी सर्वांचे मिळून एक चित्र उभे करावे, असे हल्ली सगळीकडे सांगतात. सल्ला खरा आहे. पण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ असा घेतला जातो की साहेबाने एक वाक्य ठरवायचे आणि बाकीच्यांनी ते पाठ करायचे. आम्ही भाचीला त्या दिवशी पुस्तकातले काही सांगितले नाही. कोकण रेल्वेची गोष्ट सांगितली, कारण ती आमच्या डोळ्यांदेखत घडली होती.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात. अब्बा मुंबईला गोदीत कामाला. गावी जायचे म्हणजे एसटीने रात्रभर प्रवास. कशेडी घाटात निम्म्या गाडीला उलट्या व्हायच्या. रेल्वे रोह्यापर्यंत येऊन थांबलेली. कोकणात गाडी यावी ही मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी तिच्यामागे आयुष्य घातले, बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग एकाच सरकारात जुळून आला, आणि 1990 साली कोकण रेल्वेसाठी वेगळे महामंडळ निघाले. रेल्वेतून निवृत्त होत असलेले इंजिनिअर ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले.

काम केवढे, तर रोह्यापासून मंगळुरूपर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास मार्ग. मध्ये सह्याद्रीचे फाटे, खाड्या, नद्या. लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल, नव्वदहून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल साठ मीटरहून उंच. पैसाही एकाच तिजोरीतून आला नाही. महामंडळाच्या भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. बाकीचा मोठा पैसा लोकांना रोखे विकून उभा केला. ज्यांना गाडी हवी होती त्या चारही राज्यांनी खिशात हात घातला होता, हे आम्हाला तेव्हाही महत्त्वाचे वाटले होते.

आता जमिनीचे बघा. या मार्गात जमीन जाणारे बेचाळीस हजारांच्या आसपास लोक होते. जमीन घेणे म्हटले की आपल्याकडे कोर्टात पिढ्या जातात. इथे बऱ्याच ठिकाणी लोकांनी आपण होऊन ताबा दिला. आमच्या मोठ्या चाचांच्या बागेतून मोजणीच्या खुंट्या गेल्या. हापूसची धरती कलमे, आजोबांनी लावलेली. चाची दोन दिवस जेवल्या नाहीत. चाचा मात्र सही करून आले. आम्ही तेव्हा कॉलेजात, जरा चढ्या आवाजात विचारले, "चाचा, मोबदला तरी पुरेसा आहे का?"

चाचा म्हणाले, "तुझा दादा मेला तेव्हा तुझ्या बापाला तार केली होती. तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. मय्यत किती वेळ ठेवणार? आता माझ्या वेळेला माझा पोरगा तरी पोचेल."

चाचांचे कारण हे होते. शेजारच्या वाडीतल्या आंबेवाल्याचे कारण पेट्यांचे. पेटी वाशीला ताजी पोचली तर भाव मिळतो. गणपतीला दरवर्षी गच्च भरलेल्या एसटीत उभ्याने येणाऱ्या चाकरमान्याचे कारण आणखी वेगळे. नर्सिंगला मुंबईला गेलेल्या मुलीच्या आईचे वेगळे. ही सगळी माणसे एकत्र बसून कधी एका वाक्यावर आली नव्हती. त्यांना कुणी फ्लेक्सही लावून दिला नव्हता. पण त्या एकाच रुळात प्रत्येकाला आपले काहीतरी दिसत होते. म्हणून आम्ही भाचीला म्हटले, तुझ्या अकरा वॉर्डांतल्या माणसांना तुझ्या कामात स्वतःचे काय दिसते ते आधी शोध.

श्रीधरन यांच्या कामाच्या पद्धतीतली एक गोष्ट सगळ्यांना आठवते, ती उलट्या घड्याळाची. कार्यालयांत फलक असत आणि त्यावर काम पुरे व्हायला किती दिवस उरले तो आकडा. रोज एकाने कमी होणारा. भाचीने ते लगेच उचलले. "हे करते मी! प्रत्येक वॉर्डात लावते, नव्वद दिवस उरले."

आम्ही म्हटले, थांब. नुसता आकडा लावलास तर त्या सिस्टरना तो परीक्षेचा वाटेल. घड्याळाचा उपयोग झाला कारण दिवस संपल्यावर काय येणार हे तिथे प्रत्येकाला माहीत होते. शिवाय घड्याळाच्या मागे दुसरीही व्यवस्था होती, तिच्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. सगळा मार्ग सात भागांत वाटला होता. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. साधारण शंभर-शंभर किलोमीटरचा एकेक भाग आणि त्यावर एक मुख्य अभियंता. निर्णय जागेवर घ्यायची त्याला मुभा. दरड कोसळली तर दिल्लीहून कागद येईपर्यंत बसून राहायचे नाही. "तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरला एखादी चौकट बदलायची असेल तर ती कुणाला विचारते?" आम्ही विचारले.

"मला. मी कंपनीला मेल करते. ते दोन आठवड्यांनी उत्तर देतात."

"म्हणजे घड्याळ तिच्या भिंतीवर आणि चावी कंपनीकडे," अम्मी म्हणाल्या. अम्मी सातवी शिकलेल्या आहेत.

कोकण रेल्वेची गोष्ट सांगताना लोक गोव्यापाशी येऊन घाई करतात. आम्हाला तोच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. गोव्यात त्या मार्गाला मोठा विरोध झाला. रेल्वे नकोच, असे म्हणणारे त्यात थोडे होते. बहुतेकांचे म्हणणे होते की गाडी दाट वस्तीच्या किनारपट्टीच्या तालुक्यांतून नको, आतल्या बाजूने न्या. खाजण जमिनी, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली शेते, भरावामुळे बिघडतील ही भीती होती. जुने गोवे इथल्या प्राचीन वास्तूंची काळजी होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे आंदोलकांचे म्हणणे टिकले नाही. तरीही रस्त्यावरचा विरोध थांबेना, तेव्हा 1993 साली केंद्राने गोव्यातले काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांची समिती नेमली. पुढे काम सुरू झाले आणि मार्ग बराचसा तोच राहिला. पण मधला वेळ गेला तो गेलाच, आणि मनेही दुखावली.

यात कोण बरोबर आणि कोण चूक हा निकाल आम्ही देत नाही. एवढे मात्र दिसते की रत्नागिरीत आमच्या चाचांना त्या रेषेत आपला मुलगा दिसला, आणि तिकडे खाजणाच्या मालकाला त्याच रेषेत फक्त आपले शेत बुडताना दिसले. नकाशा आधी पक्का झाला आणि माणसांना समजावणे नंतर आले, की असे होते. आपल्याकडे घरात लग्नाची बैठक असली तरी आधी मशवरा करतात. ज्याला सगळ्यांत जास्त सोसायचे आहे त्याचे आधी ऐकतात. निदान ऐकायला हवे. मुलीला शेवटी विचारणारी घरेही आम्ही पाहिली आहेत, आणि त्याचे पुढे काय होते तेही.

दुसरी अडचण माणसांची नव्हती, मातीची होती. काही बोगदे खडकातून न जाता ओल्या, चिकणमातीसारख्या भुसभुशीत मातीतून न्यावे लागले. खडक फोडता येतो, ही माती मात्र खणली की परत आत येते. पेडण्याचा बोगदा त्यासाठी प्रसिद्ध आहे. दीड किलोमीटरच्या आसपास लांबी, आणि त्याने वर्षानुवर्षे खाल्ली. पाच वर्षांत पुरे करायचे ठरलेले काम सातहून अधिक वर्षांवर गेले. पहिली गाडी सगळ्या मार्गावरून धावली ती 26 जानेवारी 1998 रोजी. उलटे घड्याळ कितीही पुढे पळो, पेडण्याच्या मातीला त्याची फिकीर नव्हती. भाचीला हे सांगायचे कारण असे की ती स्वतःला फार कोसत होती. मुदत चुकली म्हणजे आपणच नालायक, असे तिच्या मनाने घेतले होते. काही वेळा माती तशीच असते. तेव्हा तारीख पुढे न्यावी आणि का नेली ते सगळ्यांना उघड सांगावे. लपवले की लोक घड्याळाकडे बघायचेच सोडतात.

रत्नागिरी स्टेशनवर या कामात जीव गमावलेल्यांचे स्मारक आहे. सत्तरहून जास्त माणसे. आपण सगळ्यांनी मिळून बांधली, असे आपण सहज म्हणून जातो, त्या 'सगळ्यां'त ही माणसेही आहेत. भाचीच्या कामात कुणाचा जीव जायचा नाही असे आम्ही म्हणणार होतो, मग त्या भरलेल्या सुईची आठवण झाली आणि गप्प बसलो.

राजीनाम्याचे तिने दोन आठवडे पुढे ढकलले. त्या दोन आठवड्यांत काय केले ते तिने फोनवर सांगितले. त्यातले बरेचसे तिचे स्वतःचे डोके आहे, आमचे नाही.

सोमवारी तिने मीटिंग बोलावली नाही. रात्रपाळीला जाऊन वॉर्डात बसली. पहिल्या रात्री कुणी बोलले नाही, साहेबांची माणूस तपासायला आली असेच सगळ्यांना वाटले. दुसऱ्या रात्री तिने घरून डबा नेला. तेव्हा एका वॉर्डबॉयने सांगितले की रात्री दोनला जुना पेशंट आला की तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर शोधायला त्यालाच धाडतात. तिथला दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि कुलपाची चावी रखवालदाराकडे. अर्धा-पाऊण तास जातो आणि वर आल्यावर डॉक्टर त्याच्यावरच ओरडतात. ज्या जुन्या सिस्टरनी ती सुई अडवली होती, त्या म्हणाल्या, "मला टाइप करायला वेळ लागतो, त्याची लाज वाटते गं. नव्या पोरी हसतात. पण ड्यूटी देताना मी तोंडी जे सांगते ते पुढचीने विसरू नये, एवढं तुझ्या मशीनने केलं तर मी शिकेन." आणि रेकॉर्ड रूमचे काका, ज्यांना तिने तीन महिन्यांत एकदाही विचारले नव्हते, त्यांनी सांगितले की ते पुढच्या वर्षी निवृत्त होतात आणि कुठला गठ्ठा कुठे आहे हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे. त्यांना वाटत होते की हे संगणकाचे काम म्हणजे आपल्याला लवकर घरी बसवायचा बेत आहे.

भाची म्हणाली, "मामू, मला लाज वाटली. मी त्यांना हटवायला आलेय असं ते समजत होते आणि मी फ्लेक्स लावत होते."

मग तिने फ्लेक्स उतरवले. त्या जागी वॉर्डातल्याच एका मुलीच्या अक्षरात तीन ओळी लिहून लावल्या. रात्री केसपेपरसाठी तळघरात जावे लागू नये. एका ड्यूटीने सांगितलेले दुसऱ्या ड्यूटीला दिसावे. जे औषध चालत नाही ते पहिल्याच पानावर लाल दिसावे. तिसरी ओळ जुन्या सिस्टरनी घालायला लावली.

पुढची पायरी तिला जड गेली. ती मेडिकल सुपरिंटेंडेंटकडे गेली आणि अकरा वॉर्ड सहा महिन्यांत होणार नाहीत असे सरळ सांगितले. पाच होतील, पण ते कागदाशिवाय चालतील. साहेब चिडले. तिच्या म्हणण्याप्रमाणे पंधरा मिनिटे फक्त ऐकून घेतले. मग तिने सुईची गोष्ट सांगितली, जी तोवर वरपर्यंत गेलीच नव्हती. साहेब काही क्षण गप्प राहिले आणि त्यांनी विचारले, "त्या सिस्टर कोण?" पाच वॉर्डांना परवानगी मिळाली. फॉर्ममधल्या चौकटी कमी करायचा अधिकारही मिळाला, कंपनीला विचारायची वाट न बघता. फॉर्म अडीच पानांचा होता तो एका पानावर आला.

रेकॉर्ड रूमच्या काकांना तिने आपल्या गटात घेतले. जुने गठ्ठे कुठल्या क्रमाने संगणकावर घ्यायचे ते आता तेच ठरवतात. त्यांना खुर्चीही वर मिळाली, तळघरातून पहिल्यांदा.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका वॉर्डाच्या मुख्य सिस्टर अजूनही ऐकत नाहीत, त्या कागदच वापरतात. भाचीने त्यांच्यामागे लागणे सोडले आहे, त्यांचा वॉर्ड शेवटी धरला आहे. नोंदी भरणाऱ्या चार मुलींपैकी एक सोडून गेली. उलट्या घड्याळाचा फलक लागला आहे, पण तो वॉर्डवाल्यांनी आपल्या हाताने केलाय, खडूने लिहायचा काळा फळा. त्यावरचा आकडा रोज वॉर्डबॉय बदलतो. रात्रपाळी संपवून जाताना.

परवा फोन आला तेव्हा अम्मींनी तो आमच्या हातून घेतला. "किती दिवस उरले?" त्यांनी विचारले.

"एकेचाळीस, नानी."

"आणि तळघरातला दिवा?"

"तो अजून तसाच आहे. इलेक्ट्रिशियनला उद्या परत सांगते."